मुखरूभाऊ आणि डोंग्याचा सिनेमा

नायिकेनं डोळ्यांना पदर लावला की पुढं ती काय बोलणार, हे मुखरूभाऊ तिच्याआधी बोलून मोकळे व्हायचे. “आता म्हणन, मुझे भूल जाओ.” लगेच पडद्यावरून आवाज यायचा, मुझे भूल जाओ. “आता बुढा खोकलन.” म्हातारा खोकायचा. “आता इज कडाडन अन् फोटोची काच फुटन.” वीज कडाडायची, काच फुटायची, आणि मुखरूभाऊंच्या आसपास बसलेली वीस-पंचवीस माणसं तोंडात पंचे कोंबून हसायची. यातला एकही सिनेमा त्यांनी आधी पाहिलेला नसायचा. पाहायची गरजच काय होती म्हणा!

मी वडशाच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, त्या पहिल्याच हिवाळ्यात सिनेमाच्या तंबूत मी त्यांच्या पुढच्या ओळीत बसलो होतो. नागपूरला चार वर्षं शिकलेला, बाल्कनीत बसून सिनेमे पाहिलेला, त्यामुळे मला रसिकपणाचा भलताच ताठा. मागून ही कुजबुज सुरू झाली तेव्हा मी वळून जरबेनं म्हणालो, “जरा गप्प बसता का?” ते शांतपणे म्हणाले, “बसतो ना गुरुजी. तुमी हे पाहून राह्यले का खरंच?” मी पुन्हा पडद्याकडं तोंड केलं. पुढच्या पाच मिनिटांत मला उमगलं की मी खरंच काही पाहत नव्हतो. मध्यंतरात मी मुकाट्यानं त्यांच्या ओळीत जाऊन बसलो आणि पुढची सहा वर्षं तिथंच बसत राहिलो.

मुखरूभाऊ धंद्यानं प्रॉम्प्टर. चार महिने धानाची शेती आणि दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकं. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि नाटकाशिवाय त्यांना शोभा नाही. नटांची पाठांतरं अर्धी-कच्ची. एका हिवाळ्यात दहा नाटकं करायची म्हटल्यावर पाठ तरी काय काय करणार? सगळा खेळ विंगेतल्या माणसावर. मुखरूभाऊ वही घेऊन विंगेत उभे राहिले की राजा, राणी, दरोडेखोर आणि विदूषक या सगळ्यांच्या तोंडी शब्द घालायचे. इतकी वर्षं कुजबुजून त्यांचा आवाजच तसा झाला होता. भाजी घेतानाही ते कुजबुजत, भांडतानाही कुजबुजत. त्यामुळं शिव्या ऐकायच्या तर माणसाला जवळ जावं लागे, आणि लोक जात.

सिनेमाबद्दल त्यांच्या मनात जी तुच्छता होती ती मी पुढं कोणाच्याही मनात पाहिली नाही. कारण ती माहितगाराची तुच्छता होती. “नाटकात नट चुकला तर मी असतो,” ते म्हणायचे. “इथी मोठमोठे लोकं हजार जागी चुकून राह्यले अन् सांगाले कोणी नाई.” किंवा, “माणसं हायत, गाणी हायत, घोडाबी हाय. कथा कुठी हाय बा?” एकदा एक पौराणिक सिनेमा आला होता. त्यात देवाच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला दिसत होता. अख्खा तंबू हात जोडून बसला होता. मुखरूभाऊ म्हणाले, “देवाले टाइम माईत हाय. आपल्यालेच नाई समजून राह्यलं का आपण काऊन बसलो.”

आणि खरंच सांगतो, ते सिनेमे होतेच त्या लायकीचे. आज त्या काळाच्या नावानं उसासे टाकणारी मंडळी भेटतात तेव्हा मला हसू आवरत नाही. गाणी चांगली होती, कबूल. पण दोन गाण्यांच्या मधे जे चालायचं त्याला गोष्ट म्हणणं म्हणजे गोष्टीचा अपमान होता. वेश पालटून आलेला बाप सख्ख्या मुलाला ओळखू येत नसे, कारण बापानं मिशी लावलेली असे. आंधळी आई देवळात पडली की डोळस होई. त्यात आमच्या वाट्याला येत ते नागपुरात आपटून, गोंदियात आपटून, छोट्या गाडीच्या डब्यातून आलेले, पट्टी जागोजाग तुटलेली. आणि हे पाहून लोक रडत. मी त्यांना हसत असे. मास्तर होतो ना.

स्टेशनसमोर एक चहा-भज्यांचं हॉटेल होतं. सिनेमा बदलला की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं गर्दी व्हायची. मुखरूभाऊ भजं तोडत एक वाक्य बोलायचे, आणि ते वाक्य म्हणजे त्या सिनेमाचा निकाल. हॉटेलवाल्यानं जिलेबीचा भाव लिहायला एक काळी फळी टांगली होती. माझं अक्षर चांगलं, म्हणून भावाखाली मुखरूभाऊंचं वाक्य मी खडूनं लिहायचो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मीच हौसेनं सुरू केलं होतं. गाडीला येणारे-जाणारे लोक ते वाचत आणि हसत हसत ब्रह्मपुरीपर्यंत नेत. फळीवर वाईट लिहून आलं की तंबू ओस पडायचा. चांगलं कधी लिहून येतच नसे. ‘चांगलं’ हा शब्द मुखरूभाऊंच्या तोंडून मी ऐकलेला नव्हता. नाटकात एखाद्या नटानं जीव ओतून काम केलं तरी ते पडदा पडल्यावर फार तर म्हणायचे, “चाललं.” तो नट त्या ‘चाललं’वर वर्षभर जगायचा.

तंबूचा मालक बाबू हा गोंदियाचा. त्याची अडचण अशी होती की निम्मा प्रेक्षक गाडीचा. ब्रह्मपुरीकडच्या गावांतले लोक दुपारच्या गाडीनं बाजाराला यायचे, संध्याकाळी सिनेमाला बसायचे आणि नऊच्या सुमारास परतीची गाडी. अंधार पडल्याशिवाय तंबूत चित्र दिसत नाही, आणि तंबू भरल्याशिवाय बाबू मशीन सुरू करत नसे. त्यातून मशीन एकच, दर रिळाला थांबायचं. त्यामुळं नऊ वाजता सिनेमा ऐन मध्यावर असायचा आणि हे लोक शेवटची मारामारी न पाहता धोतरं सावरत स्टेशनाकडं पळायचे. मग बाबूच्या नावानं बोंबाबोंब.

“भाऊ, गाडीवाले लई कावून राह्यले,” बाबू एकदा हॉटेलात म्हणाला. “काय करू?”

“शेवट आधी दाखव,” मुखरूभाऊ भज्यातली मिरची बाजूला काढत म्हणाले.

“अन् मधलं?”

“थे मंग दाखव. मशीनवाल्याले सांग, शेवटचे तीन डबे इंटरवलच्या आधी लाव म्हणा. कोणाले काय फरक पडते?”

आम्ही सगळे हसलो. बाबू हसला नाही. तो धंदेवाला माणूस. पुढच्या सिनेमापासून त्यानं खरंच तसं सुरू केलं. मध्यंतराआधीच खलनायक दरीत पडू लागला, लग्नं लागू लागली. गाडीवाले खूश होऊन घरी जात. मध्यंतरानंतर तोच खलनायक पुन्हा हजर होऊन मिशीला पीळ देई, आणि गावातले लोक तितक्याच तन्मयतेनं पाहत. पहिले आठ दिवस थोडी चुळबुळ झाली, नंतर कोणाला त्याची आठवणही उरली नाही. मुखरूभाऊंना या गोष्टीचा जो आनंद झाला त्याला तोड नाही. “पाह्यलं गुरुजी? शेपटाकून धरा का मुंडक्याकून, बैल थोच हाय.”

आता सुखदेवबद्दल सांगायला हवं. सुखदेव वैनगंगेकाठच्या एका गावातला, मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा. मुखरूभाऊंनी त्याला मंडईत स्त्रीपार्ट करताना पाहिलं आणि उचलून आपल्या नाटक कंपनीत आणलं. त्याला वाचता येत नव्हतं. मुखरूभाऊंनी सगळ्या नाटकांतल्या भूमिका तोंडी म्हणून म्हणून त्याच्याकडून बसवून घेतल्या. स्वतःला मूलबाळ नव्हतं, जे होतं ते त्या मुलावर उधळलं, अर्थात शिव्यांच्या रूपात. मी वडशाला यायच्या आधीच्या वर्षी कोल्हापूरकडचा कोणीतरी माणूस शंकरपटाला आला, त्यानं सुखदेवला पाहिलं आणि सिनेमात काम देतो म्हणून घेऊन गेला. मुखरूभाऊ त्या दिवसापासून त्याचं नाव घेत नसत. फारच झालं तर म्हणायचे, “थो गेला घड्याळवाल्या देवाच्या गावाले.”

तीन-चार वर्षांनी त्याचा सिनेमा आला. सिनेमाचं नाव आता आमच्याकडं कोणालाच आठवत नाही, तो ‘डोंग्याचा सिनेमा’ म्हणूनच राहिला, कारण त्यात सुखदेवनं डोंगा चालवणाऱ्या नावाड्याचं काम केलं होतं. येतानाच तो बदनाम होऊन आला होता. पुण्या-मुंबईकडं आठवडाभरही टिकला नव्हता. नागपूरच्या एका पेपरात ‘रटाळ आणि रडका’ असं छापून आलं होतं, ते कात्रण हॉटेलात हातोहात फिरत होतं. बाबूनं तो आणला तो केवळ आपला माणूस आहे म्हणून. बैलगाडीवर पाटी लावून ती गावोगाव फिरवली, ‘आपला सुखदेव पडद्यावर’. तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती.

मुखरूभाऊ नेहमीच्या जागी बसले. पाटलाच्या मुलीचं एक प्रेमप्रकरण सुरू झालं आणि मुखरूभाऊंची कुजबुजही. ती नऊवारी नेसून पुण्याच्या रस्त्यावरून चालावं तशी शेतात चालत होती. मग सुखदेव आला, हसत, गात, लोकांना पार नेत. टाळ्या पडल्या. त्यानंतर बाबूच्या पद्धतीप्रमाणे शेवटची तीन रिळं लागली. पूर आलेला. एका अडलेल्या बाईला पार न्यायचं आहे आणि तिची सासू ओरडते, याच्या डोंग्यात नको. का नको, कोणालाच कळेना. सुखदेव तिला बसवतो, पार नेतो, आणि काठाच्या वाळूत पडून मरतो. काठावरचे लोक त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडतात. का रडतात, तेही कळेना. मध्यंतर झालं, गाडीवाले चक्रावून निघून गेले. मध्यंतरानंतर सुखदेव पुन्हा जिवंत. एकदा त्याचा डोंगा भरल्या माणसांनिशी बुडतो, तो एकटा वाचतो. मग कितीतरी वेळ तो घाटावर रिकामा डोंगा घेऊन बसलेला. लोक येतात, त्याच्याकडं पाहतात आणि दुसऱ्या डोंग्याकडं जातात. तो बोलत काहीच नाही. नुसता बसतो.

सुखदेव आल्यापासून मुखरूभाऊंच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. सुखदेव पुढं काय करणार, काय बोलणार, हे त्यांना एकदाही आधी सांगता आलं नाही. आजूबाजूची माणसं कान देऊन बसलेली. कोणीतरी न राहवून विचारलं, “भाऊ, याच्या डोंग्यात काऊन बसून नाई राह्यले?” तेव्हा मुखरूभाऊ चिडून म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच जरा मोठ्यानं म्हणाले, “मेलेल्याच्या डोंग्यात कोण बसन बे?”

तंबू कोसळायचा बाकी राहिला. लोक उठून उठून हसत होते. पडद्यावर सुखदेव रिकाम्या डोंग्यात बसलेला आणि खाली उरलेली दोनशे माणसं पोट धरून लोळताहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते वाक्य फळीवर लिहिलं, जिलेबीच्या भावाहून मोठ्या अक्षरात.

रिळांची अदलाबदल आम्हाला माहीत नव्हती का? चांगली माहीत होती. ती मुखरूभाऊंचीच युक्ती. पण सिनेमाला पुढं-मागं असतं हेच आम्ही विसरून गेलो होतो. आणि मुखरूभाऊंना तो सिनेमा वाईटच निघायला हवा होता. आपल्याला सोडून गेलेल्या पोरानं तिकडं जाऊन काही बरं केलं असेल, हे त्यांच्या मनाला मानवणारं नव्हतं. मला काय हवं होतं म्हणाल तर फळीवर लिहायला वाक्य.

ते वाक्य आठ दिवसांत झाडीपट्टीभर झालं. बाजारात शिळी वांगी घेऊन बसलेल्या बाईला लोक ते म्हणायचे, निवडणुकीत पडलेल्या माणसाला म्हणायचे. आणि दहाव्या दिवशी सुखदेव पत्र्याची पेटी घेऊन गाडीतून उतरला. सिनेमा पडल्यावर त्याला तिकडं दुसरं काम मिळालं नव्हतं. तो परत कंपनीत उभं राहायला आला होता.

“ये गा, मेला का जिता हायस?” हॉटेलातल्या एकानं विचारलं. सुखदेव हसला, त्याला वाटलं, सिनेमा पाहून लोक लाडानं बोलताहेत. मग दुसऱ्यानं ते वाक्य म्हटलं आणि सगळे फिदीफिदी हसले. तेव्हा त्यानं फळीकडं पाहिलं. मधल्या वर्षांत तो वाचायला शिकला होता. सावकाश, अक्षर अक्षर लावून त्यानं ते वाचलं. अक्षर कोणाचं हे त्यानं विचारलं नाही. तो मुखरूभाऊंसमोर जाऊन बसला.

“भाऊ, तुमी पाह्यला?”

“पाह्यला.”

“काय पाह्यलं थे सांगा.”

मुखरूभाऊंनी त्यांच्या कोरड्या कुजबुजीत सांगितलं. बाईला पार नेतोस, वाळूत मरतोस, मग उठून डोंगा बुडवतोस, मग बसून राहतोस. सुखदेव ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला.

“भाऊ,” तो म्हणाला, “माणसं बुडते थे पह्यले हाय. म्हणून कोणी बसत नाई माह्या डोंग्यात. अन् मरतो थे सगळ्याच्या शेवटी.”

मुखरूभाऊंच्या हातातलं भजं तसंच राहिलं. मग ते उठले, पायात वहाण न घालता तंबूकडं चालू लागले. मी मागं धावलो. बाबू तंबूमागं इंजिनाजवळ दात घासत होता.

“सिनेमाची पेटी गेली का?” मुखरूभाऊंनी विचारलं.

“कोण नेते थ्याले? पडून हाय.”

“शनिवारी पुन्हा लाव. सरळ लाव.”

“भाऊ, कोण येईन पाहाले?”

“मी सांगतो लोकाईले.”

आणि त्यांनी सांगितलं. बाबूच्या बैलगाडीवर पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून ते तीन दिवस आजूबाजूच्या गावांतून फिरले. मी शाळा सुटल्यावर बरोबर जायचो. आयुष्यभर कुजबुजलेला माणूस भोंग्यातून काय ओरडणार? “मी चुकलो, सिनेमा उलटा लावला होता, शनिवारी सरळ पाहा,” एवढंच ते म्हणायचे, आणि तेही खोकत खोकत. लोकांना वाटलं, मुखरूभाऊंनी नवीन गंमत काढली. बायका दारात येऊन हसत. एक म्हातारा म्हणाला, “बाबूनं चांगला नाच्या ठेवला जाहिरातीले.” मुखरूभाऊ खाली मान घालून बैलाला पुढं हाकायचे. त्यांच्या जागी मी असतो तर पहिल्याच गावातून परतलो असतो.

शनिवारी तंबू पहिल्यापेक्षा जास्त भरला. सगळे हसायला आले होते. सिनेमा सरळ लागला. पाटलाच्या मुलीचं प्रेमप्रकरण होतं तितकंच भिकार होतं, गाणी तितकीच रडकी होती, तिचा भाऊ मिशी लावून आला तेव्हा कोणालाही ओळखू आला नाही. पण मधे मधे सुखदेव यायचा आणि कोणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटायचं. डोंगा बुडाला. मग तो घाट. लोक येतात, पाहतात, दुसऱ्या डोंग्यात बसतात. सुखदेव एकदा वल्हं पुसतो. एकदा डोंग्यातली बसायची फळी पुसतो, जणू कोणी बसणारच आहे. आणि नेमक्या त्याच वेळी तंबूतून चारशे कंठांनी ते वाक्य उठलं, मेलेल्याच्या डोंग्यात कोण बसन. लोक याच जागेची वाट पाहत होते. सुखदेव तंबूच्या कनातीला टेकून उभा होता. मुखरूभाऊंनी डोळे मिटून घेतले.

पुढं आणखी एक गोष्ट झाली. नऊ वाजले, गाडीवाले उठले आणि गेले. आता शेवट शेवटी होता, त्यामुळं त्यांनी तो पाहिलाच नाही. ब्रह्मपुरीपर्यंत त्यांनी बातमी नेली की मुखरूभाऊंनी सिनेमा दुरुस्त केला, आता सुखदेव मरतच नाही. माणसांबद्दल माझं मत फार चांगलं कधीच नव्हतं, पण त्या आठवड्यात ते जे खाली गेलं ते पुन्हा वर आलं नाही. हसून झाल्यावर गावातलेही बरेच जण उठून गेले, शेवटच्या रिळाला आम्ही जेमतेम पन्नास जण उरलो होतो. सासू ओरडली, याच्या डोंग्यात नको, आणि या वेळी आम्हाला कळलं, का नको. ते पन्नास जण हसले नाहीत. पण पन्नास जणांच्या गप्प बसण्यानं कोणाचं नाव परत येत नाही.

सुटल्यावर मुखरूभाऊ आणि मी बरोबर निघालो. वाटेत ते थांबले.

“सिनेमा वाईटच हाय गुरुजी,” ते म्हणाले. “पेपरवाला खोटं नाई लिहीत. अर्धा कचरा हाय.”

“आणि सुखदेव?”

ते इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं. “चांगला हाय. लई चांगला हाय. मी तीस वर्सं विंगेत उभा हावो, असं नुसतं बसून राहाचं काम मी नाई पाह्यलं. मले त्याचा एक शब्द आधी नाई सुचला.” आणि लगेच म्हणाले, “त्याले सांगू नोका. डोक्यात जाईन.”

मी मान डोलावली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यानंतर मुखरूभाऊंनी कंपनीच्या मॅनेजरच्या मागं लागून लागून सुखदेवला एका मंडईत उभं करवलं. दुपारचा खेळ होता, कापलेल्या धानाच्या बांधीत. सुखदेव प्रधानाच्या वेशात आला, तोंड उघडणार तोच मागून एक पोरगं किंचाळलं, “मेलेल्याच्या डोंग्यात...” आणि बाकीचं अख्ख्या मंडईनं पुरं केलं. सुखदेवनं दोनदा सुरुवात केली. विंगेतून मुखरूभाऊ त्याचं वाक्य सांगत होते, पुन्हा पुन्हा सांगत होते. सुखदेवला वाक्य आठवत होतं. ते ऐकायलाच कोणी तयार नव्हतं. तो नमस्कार करून आत गेला. मॅनेजर म्हणाला, “मुखरूभाऊ, नटाले तुमी सांगान. या पब्लिकले कोण सांगन?”

पुढच्या सोमवारी सुखदेव सकाळच्या गोंदियाच्या गाडीनं निघाला. भिलाईला मोठा कारखाना उभा राहत होता, तिथं माणसं घेत होते. फलाटावर आम्ही तिघंच होतो. मुखरूभाऊंनी घरून पोह्यांची पुरचुंडी आणली होती, ती त्यांनी त्याच्या पेटीवर ठेवली.

सुखदेवच त्यांना समजावू लागला. “भाऊ, तुमी मनाले लावून घेऊ नोका. तुमी नसतं म्हटलं तरी लोकं हासलेच असते.”

“नाई,” मुखरूभाऊ म्हणाले. “मी म्हटलो म्हणून हासले.”

“उलटा लागल्यावर कोणीबी हासन.”

“उलटा लावाले बी मीच सांगतलं. दोन्ही माहंच हाय. तू उगाच झाकू नोको.”

गाडीची शिट्टी झाली. सुखदेव त्यांच्या पाया पडला आणि वाकून उठल्यावर जागचा हलला नाही, त्यांच्या तोंडाकडं पाहत उभा राहिला. मुखरूभाऊंचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, “पोहे सांजच्या आधी खाऊन घेजो. वास येईन.” सुखदेव डब्यात चढला.

मुखरूभाऊंनी त्यानंतर एकाही सिनेमाचा निकाल दिला नाही. तंबूत यायचे, तोंड मिटून बसायचे. सकाळी हॉटेलात लोक विचारायचे, “भाऊ, कसा हाय?” ते म्हणायचे, “तुमी पाह्यला ना? मंग मले काऊन पुसता?” मग लोकांनी विचारणं सोडलं. माझ्या बदलीनंतर तीन वर्षांनी ते गेले. अलीकडं शहरातल्या कुठल्याशा मंडळानं डोंग्याच्या सिनेमाची आठवण उकरून काढली आहे म्हणे, आणि तो थोर होता असं छापून येतं. लिहिणाऱ्यांपैकी कोणी तो पाहिलेला नाही, कारण त्याची एकही धड प्रत उरलेली नाही. आधी न पाहता वाईट म्हणत होते, आता न पाहता थोर म्हणतात. थोर बिर काही नव्हता. त्यात एक माणूस थोर होता.

मुखरूभाऊ गेल्यावर काही वर्षांनी मी भिलाईला मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. सुखदेव कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होता, केस पिकलेले, मुलं शाळेत जाणारी. पुन्हा कधी तोंडाला रंग लावला नाही म्हणाला. भाऊ गेल्याचं त्याला माझ्याकडूनच कळलं. तो ओट्यावर बसून राहिला. त्याला बरं वाटावं म्हणून मी त्या शनिवारचं सगळं सांगितलं, वाटेत थांबून भाऊ काय म्हणाले, चांगला हाय म्हणाले, लई चांगला हाय, एक शब्द आधी सुचला नाही म्हणाले.

सुखदेवनं मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हटलं.

“तुमाले हे तवाच माईत होतं, गुरुजी?”

“हो.”

“फलाटावर?”

“हो.”

त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

“थे फलाटावर म्हटले असते ना,” सुखदेव शेवटी म्हणाला, “तं मी गाडीत चढलोच नसतो.”